सल्ल्याच्या वेळी कोण बोललं

१

धर्मपाल गजभिये लेहला गेले ते खिडकीजवळची जागा मागून घेऊन, आणि परत आले ते श्यामरावांच्या मांडीवर, तांब्याच्या कलशात.

विहारातल्या मंडळींची सहल होती. तिकडचे डोंगरातले जुने विहार पाहायचे, ही धर्मपालांची रेल्वेतून निवृत्त झाल्यापासूनची हौस. लेहला उतरून दोन मुक्काम होत नाहीत तोच त्यांना पोटात दुखू लागलं, आणि दवाखान्यात नेल्यावर ते वाचले नाहीत. कागदावर 'उंचीचा त्रास' एवढंच आलं. दहन तिथंच झालं.

श्यामरावांनी कलश पुढे केला तेव्हा मीराबाईंनी तो हातात घेतला नाही. त्या भिंतीकडे वळल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "म्या मारलं त्याईले."

रायपूरच्या समता कॉलोनीच्या मागच्या गल्लीतलं ते घर तेव्हा माणसांनी भरलेलं होतं. सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांना वाटलं की आपल्याला समजलं. कारण त्या घरात औषधाचा कारभार मीराबाईंचा. धर्मपालांनी जन्मात स्वतःच्या हातानं गोळी काढून खाल्ली नव्हती. तळहातावर ठेवली जाईल ती गिळायची, एवढंच त्यांचं काम. लेहसाठी फोनवरच्या एका अॅपवरून डॉक्टरचा सल्ला घेतला होता. उंची बाधू नये म्हणून अर्धी अर्धी गोळी सांगितली होती, निघण्याआधी टोचून घ्यायला दोन लसी सांगितल्या होत्या. मीराबाईंनी गोळ्या अडकित्त्यानं अर्ध्या केल्या, कागदाच्या पुड्या बांधल्या आणि बॅगेत ठेवल्या. म्हातारीच्या हातून मात्रा चुकली असणार, असं ज्यानं त्यानं मनात धरलं आणि तोंडानं तिची समजूत घातली.

त्या दिवसापासून मीराबाईंनी जेवण सोडलं. चहाचे दोन घोट घेत आणि पुन्हा भिंतीकडे वळत. त्यांच्या मुलीनं, मोनालीनं, आईला असं एकदाच पाहिलं होतं, तेही फार लहानपणी, सुगत गेला तेव्हा. सुगत तिचा मोठा भाऊ. हिवाळा आला की त्याची बोटं सुजायची, आई मिठाच्या पुरचुंडीनं शेकत बसायची. सहाव्या वर्षी वाताच्या तापानं गेला, असं घरात सांगत. तेव्हा आईला पुन्हा ताटावर आणलं ते बाबांनी.

आता बाबा नव्हते. धाकटा भाऊ यशदीप रोज मोबाईलवर अॅपवरच्या त्या डॉक्टरच्या विरुद्ध तक्रार लिही आणि पुसून टाकी. "दीदी, उस मैडम ने कुछ पूछा ही नहीं," तो म्हणे. आई मराठीत बोले, तो हिंदीत उत्तर देई. त्या घराला त्याची सवय होती.

मोनाली नवा रायपुरातल्या एका सरकारी ग्रंथालयात कामाला होती. माणसं दुःखानं कशी वागतात याविषयी तिनं पुष्कळ वाचलेलं होतं, आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. आईचे गाल आत गेले होते. समजुतीनं हे सुटणार नाही, एवढं तिला कळलं. आईचा हात चुकला नाही, हे पुराव्यानिशी तिच्यासमोर ठेवायला हवं होतं. तरच ती जेवेल.

२

पियुषचं औषधाचं दुकान कॉलोनीच्या चौकात. शेजारी दवाखाना, लसी तिथंच टोचल्या होत्या. मोनालीनं बाबांच्या बॅगेतल्या उरलेल्या पुड्या काउंटरवर ठेवल्या. पियुषनं एकेक उघडली, आतला तुकडा प्रकाशात धरला.

"आंटी का हाथ है, दीदी. सुनार भी ऐसा नहीं काटेगा," तो हसत म्हणाला. मग कोणाविषयी बोलतोय ते आठवून गप्प झाला.

प्रत्येक पुडीत बरोबर अर्धी. जितक्या उरायला हव्या तितक्याच उरलेल्या. लसींविषयी विचारलं तेव्हा पियुषनं दवाखान्यातल्या नर्सला हाक मारली. ती म्हणाली की फ्लू आणि टायफॉइड, दोन्ही लसी विहारातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घेतल्या, एकाच फ्रिजमधल्या. गोळ्याही सगळ्यांच्या त्याच. बाकी मंडळी धडधाकट परत आली होती.

मोनाली जवळजवळ धावतच घरी आली. आईच्या उशाशी बसून तिनं सगळं सांगितलं. एकही गोळी चुकली नाही, दुकानदारानं स्वतः पाहिलं, लसीतही काही नव्हतं.

मीराबाईंनी ऐकून घेतलं. 

"गोळ्याइचं कोन बोलून राहिलं?" त्या म्हणाल्या.

३

मग कशाचं बोलत होती? आई पुन्हा भिंतीकडे वळली होती. मोनाली श्यामरावांकडे गेली.

श्यामराव धर्मपालांचे रेल्वेच्या वॅगन कारखान्यातले जोडीदार, सहलीत खोलीही एकच. मोनालीचं लग्न ठरत आलं होतं तेही त्यांच्याच मध्यस्थीनं. मुलगा अभिनव हा त्यांच्या मावसबहिणीचा, इंदूबाईंचा. त्यांनी मोनालीला जवळ बसवलं आणि तिनं न विचारताच सांगू लागले. धर्मपाल घाटमाथ्यावर पोचले तेव्हा छाती भरून श्वास घेत म्हणाले होते, श्याम्या, इथं हवा कमी असन, पण भनपुरीच्या कारखान्याइवानी छातीवर बसणारे धुराचे पैलवान तर नाहीत त्यात. सगळी गाडी हसली होती.

"दम लागत होता का बाबांना, काका?"

"नाई ना, बेटा. दम मले लागत होता. तोच माह्या पाठीवर हात फिरवून राहिला होता." श्यामरावांनी हात आपल्या डाव्या बरगड्यांखाली ठेवला. "त्याले दुखत होतं ते इथं. असं दुखे की सरळ होता येत नव्हतं. उलटी झाली. म्या म्हटलं गॅस असन, विमानातलं खाणं बाधलं."

दवाखान्यात डॉक्टरनं पूर्वीचं काही दुखणं आहे का, म्हणून विचारलं. धर्मपाल श्यामरावांना म्हणाले, तू जरा बाहेर जा.

"मंग?"

"मी कायले जातो? तीस वर्षांचा दोस्त. म्हटलं, तुले सोडून मी हलत नाही. त्यानं माह्याकडं पाह्यलं, अन् डॉक्टरले म्हणला, कुछ नहीं है साहब."

हे सांगताना श्यामरावांचे डोळे भरून आले होते. मरणापर्यंत साथ दिली याचंच त्यांना समाधान होतं. मोनालीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. तिला एक गोष्ट जाणवली होती आणि ती त्यांना सांगण्यासारखी नव्हती. बाबांना डॉक्टरला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते श्यामरावांच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं.

जिवावर बेतलं असताना माणूस मित्रापासून काय लपवतो?

४

डॉक्टरला गाठायचा एकच मार्ग होता. मोनालीनं त्याच अॅपवर प्रवासाचा सल्ला हवा म्हणून वेळ घेतली. बाबांनी मराठी बोलणारी डॉक्टर निवडली होती, तिनंही तीच निवडली. डॉ. देवश्री नाशिकहून बोलत. पडद्यावर चाळिशीचा थकलेला चेहरा आला.

"कुठं जाताय?"

"कुठंच नाही. मी धर्मपाल गजभियेंची मुलगी. ते लेहला वारले."

 पेशंटचं बोलणं बाहेर सांगता येत नाही, असं डॉक्टर आधी म्हणाल्या. तक्रार करणार का, असं नंतर विचारलं. मोनाली म्हणाली की तक्रार भाऊ करणार आहे, मला फक्त काय विचारलं गेलं ते हवंय. मग तिनं दुखण्याची जागा सांगितली. डाव्या बरगड्यांखाली.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"मी त्यांना सिकलसेलचं विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "गडचिरोलीला होते मी काही वर्षं. तिथून रायपूरपर्यंतच्या पट्ट्यातला माणूस उंचावर निघाला की मी विचारतेच. तुमच्यात किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला सिकल आहे का."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडून रक्तातला हा दोष आला तर मूल आजारी पडतं. हातपाय सुजतात, थंडीत जास्त. एकाकडूनच आला तर तो माणूस नुसता वाहक. त्याला काही होत नाही, जन्मभर कळतही नाही. पण फार उंचीवर अशा वाहकाची प्लीहा निकामी होऊ शकते, ती डाव्या बरगड्यांखाली असते. क्वचितच होतं. "त्या क्वचितसाठीच तर तो प्रश्न असतो. हो म्हणाले असते तर मी जाऊ नका म्हटलं असतं. निदान, तिथं दुखलं की घटकाभरही थांबू नका, खाली उतरा, एवढं तरी सांगितलं असतं."

"तेच झालं, याची खात्री?"

"खात्री आता कशानंच होणार नाही. दहन झालंय."

मोनालीनं विचारलं, बाबांनी काय उत्तर दिलं.

"तेच मला खटकलं होतं. ते लगेच बोलले नाहीत. त्यांनी बाजूला पाहिलं. आणि कॅमेऱ्याबाहेरून एक बाई म्हणाली, आमच्या घरात तसं काही नाही. मग तेही म्हणाले, नाही."

"बाई? माझी आई?"

"चेहरा नाही दिसला. दोन बायकांचे आवाज होते त्या खोलीत. कपबशा वाजत होत्या. मी म्हटलंही, आजोबा, आतल्या खोलीत जाता का. ते हसले. म्हणाले, सगळी घरचीच माणसं आहेत."

५

डॉक्टरचा तो सल्ला घेतला त्या शनिवारी मोनाली ग्रंथालयात होती. घरी आई, बाबा आणि यशदीप, एवढंच तिला माहीत होतं. दुसरी बाई कोण?

यशदीप आधी चिडला, मग खाली बघू लागला. डॉक्टरची वेळ आधीची होती, ती पुढे ढकलली गेली. फोन आला तेव्हा पाहुणे येऊन बसले होते, लग्नाची बोलणी करायला. इंदूबाई आणि अभिनव. बाबांना कमी ऐकू येई, म्हणून स्पीकर लावावा लागला. "मैंने बोला था अंदर चलो. बाबा बोले, पाहुण्याइसमोरून डॉक्टरचा फोन घेऊन आत गेलो तं त्याईले वाटन घरात काही दुखणं लपवून राहिले." तेवढं वाक्य यशदीपनं बाबांच्या शब्दांत, मराठीत म्हटलं. फोन टेबलावर टेकवून तो अभिनवला घेऊन कोपऱ्यावर समोसे आणायला गेला. डॉक्टरनं काय विचारलं ते त्यानं ऐकलंच नव्हतं. आणि तिनं काहीच विचारलं नाही, असं त्याला मनापासून वाटू लागलं होतं, कारण विचारलं असेल, तर तो तिथं असायला हवा होता.

म्हणजे खोलीत बाबा, आई आणि इंदूबाई. दोघींपैकी कोण बोललं?

मोनालीला मनातून वाटत होतं की इंदूबाई असाव्यात. मोठ्या तोंडाच्या बायका दुसऱ्याच्या वतीनं उत्तरं देतात. आमच्या म्हणजे आपल्या लोकांत, असं म्हणून गेल्या असतील. तसं निघालं तर आई मोकळी होती. ती भनपुरीला गेली.

गोदामांच्या मागच्या चाळीत इंदूबाईंचं घर. बाहेर ट्रक मागे घेत होते, दर थोड्या वेळानं बोलणं थांबवावं लागे. इंदूबाईंनी पाणी दिलं, धर्मपालांसाठी डोळे पुसले. मोनालीनं सरळच विचारलं.

"तुह्या आईनं सांगतलं ना," इंदूबाई म्हणाल्या. "मी कायले मधात बोलू? मी तर जीव मुठीत धरून बसली होती."

"का, काकू?"

ट्रक थांबेपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. अभिनव कामावर होता.

"आमच्या अभिनवले हाय. तसा त्याले त्रास काही नाही. पण पोरीतही असलं तर लेकराचं काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणते. माह्या बहिणीचे दोन गेले असेच, बेटा. इचारावं कसं तुमच्या बाबाले? इचारलं तर आपलंच उघडं पडते. अन् त्या डॉक्टरीणबाईनं आपसूकच इचारलं. तुह्या आईनं पटकन नाही म्हटलं, अन् मले असं हायसं वाटलं. त्याच दिवशी म्या श्यामरावले सांगतलं, आता तारीख काढा."

मोनाली उठली. परतीच्या वाटेवर रिक्षात तिच्या डोळ्यांसमोर आई आली, मांडीवर सुगतचा पंजा घेऊन, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून पुन्हा पुन्हा शेकणारी. वाताचा ताप दर हिवाळ्यात नेमानं येत नाही. सुगतला सिकल होतं. आणि सुगतला होतं, तर ते दोघांकडून आलं होतं. बाबांच्या रक्तात होतं, आईच्या रक्तात होतं, आणि पोटचा पोरगा गमावलेल्या दोघांनाही ते माहीत होतं.

आई काय म्हणत होती, ते आता तिला कळलं. आई पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगत होती.

६

मीराबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मोनाली जवळ बसली. आईनं कूस वळवली आणि तिच्याकडे पाहिलं.

"कळलं तुले," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही, रडू आलं नाही.

"त्याईनं तोंड उघडलं होतं. सांगणारच होते. खोटं बोलता येत नव्हतं त्या माणसाले, तुले ठाऊक हाय. समोर इंदू बसलेली. म्या मधातच म्हटलं, आमच्या घरात तसं काही नाही. तवा त्याईनं माह्याकडं पाह्यलं. अन् म्हणले, नाही डॉक्टर."

"नंतर परत फोन करता आला असता, आई."

"म्हणले होते. दुसऱ्या दिवशी म्हणले, मीरा, त्या बाईनं उगीच नसन इचारलं, मी जात नाही. म्या म्हटलं, श्यामराव इचारन काहून येत नाही, तर काय सांगान? तो इंदूले सांगन. पोट्टीची तारीख निघून राहिली अन् तुम्ही आता घोळ घालता. म्या बॅग भरली त्याईची. जा म्हटलं."

बाबा दवाखान्यात श्यामरावांना बाहेर का घालवत होते, हे तिनं आईला सांगितलं नाही. ते सांगून कोणाचंच काही हलकं होणार नव्हतं.

"आणि माझ्यात?" तिनं विचारलं.

"हाय. कॉलेजातल्या तपासणीतच निघालं होतं. निकाल आणाले बाबा गेले होते. तुले सांगतलं, काही नाही म्हणून."

मोनालीला वाटलं होतं की हे ऐकताना काहीतरी होईल. काही झालं नाही. अभिनवचं तिनं आईला सांगितलं तेव्हा मात्र मीराबाई उठून बसल्या. दोन्ही घरांनी एकमेकांपासून तेच लपवलं होतं. ज्या लग्नासाठी धर्मपाल गेले, ते लागलं असतं तर मिठाची पुरचुंडी पुढे मोनालीच्या हातात आली असती. मीराबाईंना ते समजायला वेळ लागला नाही. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"आता तू सांग," त्या शेवटी म्हणाल्या. "शिकलेली हायेस, सगळ्याइले इचारून आलीस. म्या मारलं का नाही?"

नाही म्हणण्यासाठीच मोनाली घराबाहेर पडली होती. पियुषकडे, श्यामरावांकडे, नाशिकच्या डॉक्टरकडे, भनपुरीला, सगळीकडे ती हा एकच शब्द गोळा करायला गेली होती.

"डॉक्टर म्हणाली, खात्री आता कशानंच होणार नाही," ती म्हणाली.

हे खरं होतं, आणि याहून दुबळं काही तिला म्हणता आलं नसतं. मीराबाईंनी मान हलवली. कोणीतरी हो म्हटल्यासारखी. इतके दिवस त्या बोलत होत्या आणि लोक त्यांची समजूत घालत होते. आता घरात ऐकणारं एक माणूस झालं होतं.

"भात टाक," त्या म्हणाल्या.

मोनालीनं भात टाकला, वरणाला फोडणी दिली. मीराबाई हात धुऊन ताटावर बसल्या आणि हळूहळू, प्रत्येक घास चावून, जेवू लागल्या. यशदीप कामावरून आला तो दारातच थबकला. त्यानं बहिणीकडे असं पाहिलं, जणू तिनं काही जादू केली असावी. आईशेजारी बसून त्यानं खिशातून मोबाईल काढला. तक्रार पूर्ण लिहून झाली होती.

"पाठवू नको," मोनाली म्हणाली. "तिनं विचारलं होतं."

"किससे पूछा था? बाबा से?"

"हो. बाबा नाही म्हणाले."

"झूठ. बाबा झूठ नहीं बोलते थे." तो उठून उभा राहिला. "तुम उस डॉक्टर को बचा रही हो, दीदी. अपने बाबा के ऊपर डाल के. फिर बताओ ना, किसकी गलती थी?"

मीराबाईंचा हात ताटात थांबला. वरणात कालवलेला घास बोटांत तसाच राहिला. त्या वर पाहत नव्हत्या.

"कोणाची नाही," मोनाली म्हणाली. "वर हवा कमी होती."

यशदीप तिच्याकडे बघत राहिला. एवढा तिरस्कार तिनं त्याच्या डोळ्यांत कधी पाहिला नव्हता. तो आत निघून गेला आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं मीराबाईंचा हात पुन्हा चालू लागला. त्यांनी परत भात मागितला. मोनालीनं वाढला. तिनं स्वतःसाठी ताट घेतलं नव्हतं, आणि ते घरात कोणाच्या लक्षात आलं नाही.